बल्ब बदलायला नेलेली शिडी

मित्रांनो, आजवर तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या शिडीवर चढला असाल. खाली उतरल्यावर तिच्याकडे वळून पाहिले आहे का कधी? नसेलच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लोकांनी अंगावर पाय द्यावा आणि वर जावे, यासाठीच मला घडवले आहे. मी एक जुनी लाकडी शिडी आहे. एका अरुंद गल्लीत, शिंपीणमावशींच्या दाराबाहेरच्या भिंतीवर, दोन लोखंडी आकड्यांवर आडवी पडून असते. पडल्या पडल्या जुने दिवस आठवतात आणि ऐकणारे कुणी भेटले की माझ्या तोंडाला खळ नसतो.

माझा जन्म याच गल्लीतला. इथली घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. दोन घरांत मिळून एकच भिंत आणि प्रत्येक घराच्या छपराखाली एक बुटका पोटमाळा. माळ्यावर चढायला शिडी तर हवी, पण ती ठेवायला कुणाच्याच घरात जागा नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून एकच शिडी करून घ्यायचे ठरवले. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सुतारकाकांनी ते काम अंगावर घेतले. तेव्हा ते ऐन उमेदीत होते. त्यांनी जुने, मुरलेले सागवान निवडले. रंधा मारताना ते शीळ घालायचे, ती मला अजून आठवते. मी तयार झाले तेव्हा त्यांनी मला भिंतीला टेकवले, स्वतः वर चढून दोनदा उड्या मारल्या आणि म्हणाले, "आता हत्ती चढला तरी चालेल." हत्ती काही आला नाही. बेकरीवाले काका मात्र आले.

मला ठेवायचे कुठे, यावर थोडी वादावादी झाली. शेवटी शिंपीणमावशी म्हणाल्या, "माझ्या दाराबाहेर लटकवा. मी दिवसभर मशीनवरच असते. पण शिडी न्यायची तर कारण सांगून न्यायची." मावशींना खरे तर कारणाशी काही देणेघेणे नव्हते, त्यांना गप्पा हव्या होत्या. पण नियम पडला तो पडलाच. तेव्हापासून जो कुणी मला न्यायला येतो तो आधी मावशींच्या उंबऱ्याशी उभा राहतो आणि कशासाठी ते सांगतो.

किती कामे केली म्हणून सांगू! तुंबलेल्या पन्हळी साफ केल्या, छपरावर अडकलेली मांजरे उतरवली, खिडक्या रंगवल्या. एकदा एका नवऱ्याचे बायकोशी भांडण झाले. तो रुसून माळ्यावर जाऊन बसला, तर तिने मला काढून थेट परसात नेऊन ठेवले. संध्याकाळपर्यंत बिचारा वरूनच माफी मागत होता. लोक माझे कौतुक करायचे. "आपली शिडी," असे म्हणायचे. तो "आपली" शब्द ऐकला की मला फार बरे वाटायचे.

पुढे एकदा बेकरीवाले काका खांद्यावर पिठाचे पोते घेऊन चढले आणि माझी खालून चौथी पायरी कडकन मोडली. सुतारकाकांनी लगेच दुसरी बसवली. त्या सुमारास त्यांना गोदीवरून लाकूड स्वस्तात मिळाले होते. परदेशातून यंत्रे येतात, त्यांच्या मोठमोठ्या खोक्यांचे ते लाकूड होते. हलके, पांढरट आणि रंध्याला मऊ. माझी नवी पायरी त्याच लाकडाची. काकांचा हात सढळ. एवढे लाकूड एकट्याने काय करायचे म्हणून त्यांनी ते गल्लीभर वाटले. कुणाला माळ्याच्या फळ्या, कुणाला कपाटाचे कप्पे, बेकरीत पाव ठेवायच्या मांडण्या, हेडसरांना पुस्तकांसाठी घडवंची. पैसे विचारले की म्हणायचे, "राहू द्या हो, शेजाऱ्यांना काय विकायचं." सगळी गल्ली त्यांना दुवा देत होती.

मग काही वर्षांनी एक चमत्कारिक गोष्ट माझ्या लक्षात आली. मला न्यायला लोक वरचेवर येऊ लागले, आणि तेही दिवेलागणीला, आजूबाजूला पाहत.

"मावशी, शिडी नेतो. घड्याळ बंद पडलंय," हेडसर म्हणायचे. ते निवृत्त मुख्याध्यापक, खोटे बोलताना त्यांचे कान लाल होत.

"मावशी, माळ्यावर कबुतर शिरलंय," बेकरीवाले काका सांगायचे.

मावशींना स्वतःला कुणाला कारण सांगायची गरज नव्हती. तरी मला उचलताना त्या मोठ्याने म्हणायच्या, "बाई बाई, माळ्यावरचा बल्ब गेला वाटतं."

मित्रांनो, घड्याळ भिंतीवर टिकटिक करत असायचे. कबुतराचे एक पीसही नसायचे. मला माळ्याच्या तोंडाशी लावून सगळे एकच गोष्ट करायचे. विजेरी घेऊन वर जायचे आणि भिंतीवरून वर चढलेल्या मातीच्या बारीक रेघा पाहत बसायचे. ती वाळवी होती. फळी वरून धडधाकट दिसायची, पण बोट टेकवले की आत जायचे. कुणी रॉकेल ओतायचे, कुणी बाजारातून आणलेली भुकटी टाकायचे, सगळे पुसून खाली यायचे आणि मला परत नेऊन ठेवताना म्हणायचे, "झालं एकदाचं काम." त्यांना लाज वाटत होती. घराला वाळवी लागली हे कळले तर लोक आपल्याला गबाळे म्हणतील, असे प्रत्येकाला वाटत होते. मी या घरातून त्या घरात जात होते आणि सगळे पाहत होते. हेडसरांनी रॉकेल ओतले की आठ-पंधरा दिवसांत मावशींच्या भिंतीवर नवी रेघ दिसायची. मावशींनी भुकटी टाकली की ती बेकरीकडे सरकायची. हे मला कुणाला सांगता येत नव्हते, याचे फार वाईट वाटायचे.

पण सर्वांत वाईट वाटले ते सुतारकाकांच्या घरी. काकांची बायको गेली होती, मुलगा-सून कामासाठी दुसऱ्या शहरात होते आणि शाळेत जाणारी नात आजोबांपाशी राहायची. ती माळ्यावर, मोठ्या तुळईखाली झोपायची. एका दुपारी नात शाळेत असताना काका वर चढले. त्यांनी तुळईवर अंगठा दाबला. अंगठा पेरभर आत गेला. काका तिथेच खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. संध्याकाळी त्यांनी नातीचे अंथरूण खाली आणले आणि तिला म्हणाले, "खाली वारा छान येतो गं."

त्याच सुमारास नगरपालिकेच्या कीटक विभागातल्या एक बाई गल्लीत आल्या. दिव्यांभोवती पंखवाले किडे फार जमतात, अशी कुणीतरी निनावी तक्रार केली होती. गल्लीतल्या मुलांनी त्यांचे नाव लगेच किडेबाई ठेवले. त्यांनी सगळ्यांना बेकरीसमोर जमवले आणि समजावून सांगितले, "हे पंखवाले किडे वाळवीचे आहेत. ही आपल्याकडची वाळवी नाही. बाहेरून आलीय आणि फार झपाट्यानं पसरते. हिचं घर जमिनीखाली असतं आणि वाटा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका घरात फवारलं तर ती मरत नाही, शेजारी जाते. सगळ्या घरांवर एकदम काम करावं लागेल. एक जरी घर सुटलं तरी केलेलं पाण्यात. तर सांगा, कुणाकुणाकडे आहे?"

जो तो दुसऱ्याच्या दाराकडे पाहू लागला. मग सुतारकाका म्हणाले, "माझ्या हातचं लाकूड आहे. माझ्याकडे कशी येईल?" झाले! काकांनीच असे म्हटल्यावर सगळ्यांना धीर आला. आमच्याकडेही नाही, आमच्याकडे तर मुळीच नाही, असे म्हणत जो तो आपल्या घरी गेला. बाई एकट्याच दिव्याच्या खांबाकडे पाहत राहिल्या.

त्यानंतर काकांनी मला तेलपाणी करायला म्हणून आपल्या परसात नेले. पण तेल लावायच्या आधीच त्यांची कंबर धरली आणि ते अंथरुणाला खिळले. मी मात्र ओल्या मातीत पाय रोवून, उरलेल्या खोक्यांच्या ढिगाशेजारी उभीच राहिले. एके दिवशी माझ्या पायाला गुदगुल्या झाल्या. वाळवी वर चढत होती. माझ्या सागवानाची चव तिला फारशी आवडली नसावी. पण चौथ्या पायरीशी पोचल्यावर तिला घरचे जेवण मिळाल्यासारखे झाले. ती पायरी आतून पोकळ होत गेली, वरचा रंग मात्र तसाच राहिला. मी ओरडू शकत नव्हते.

काका बरे झाले, त्यांनी मला पुसले आणि परत आकड्यांवर लटकवले. दुसऱ्याच दिवशी हेडसरांचे घड्याळ पुन्हा बंद पडले. ते चढू लागले आणि चौथ्या पायरीचा भुगा झाला. त्यांनी वरची पायरी घट्ट धरली म्हणून वाचले. नुसते गुडघ्याला खरचटले, पण खाली पडलेल्या भुग्यात पांढरे किडे वळवळत होते आणि ते सगळ्या गल्लीने पाहिले.

मित्रांनो, त्या दिवशी लोकांच्या चेहऱ्यावर मला राग दिसला, तसेच हायसे वाटल्याचेही दिसले. बोल लावायला एकदाचे कुणीतरी सापडले होते. "हिनंच घरोघरी नेली," एकजण म्हणाला. "आपण भोळेपणानं हिला घरात घेत होतो," दुसरा म्हणाला. इतकी वर्षे मी "आपली शिडी" होते, आता "ही" झाले. बेकरीवाले काका म्हणाले, "माझ्या भट्टीत घालू. उद्याचे पाव हिच्यावरच भाजतो." हेडसरांनी किडेबाईंना फोन करून सांगितले, की मूळ सापडले आहे, जाळायच्या आधी बघायचे तर या. मला भट्टीच्या तोंडाशी नेऊन उभे केले. आतली धग माझ्या दांड्यांना लागत होती आणि मला फार भीती वाटली.

बाई आल्या. त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने माझ्या एकेका पायरीवर ठोकून कान लावला. मग माझे पाय तपासले.

"शिडी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "एक पायरी तेवढी गेलीय. हवेत लटकलेल्या शिडीला ही वाळवी अशी लागत नाही, वाळवीला ओल हवी असते. एवढ्यात शिडी कुठं ओल्या मातीत उभी होती का?"

ठाऊक सगळ्यांनाच होते. हेडसर चष्मा पुसू लागले. मावशींनी पदराला लागलेला दोरा काढायला घेतला. सुतारकाकांनी प्रत्येकाच्या घरात काही ना काही बनवून दिले होते. त्यांचे नाव कोण घेणार?

"ते राहू द्या बाई," बेकरीवाले काका म्हणाले. "जाळली की विषय संपला."

"संपत नाही. शिडी जळेल, वाळवी राहील."

बेकरीवाल्यांनी मला उचलायला हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला, "माझ्या परसात होती."

सुतारकाका नातीच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू पुढे आले. माझ्यापाशी येऊन त्यांनी माझा दांडा धरला.

"हिच्यात खोट नाही. खोट माझ्या घरात आहे," ते म्हणाले. "माळ्याची तुळई पोखरलीय. मला माहीत होतं. बाईंनी विचारलं तेव्हाही माहीत होतं. जन्मभर लाकूड केलं आणि माझ्याच घरात हे, कसं सांगणार? आणि ही पायरी गोदीच्या खोक्याची. तुमच्याकडच्या फळ्या, मांडण्या, त्यासुद्धा. खोकी आली त्यानंतरच हे सुरू झालं, ते मला उशिरा कळलं. गल्लीत वाळवी मीच वाटली. आपल्या हातानं वाटली." मग ते म्हणाले, "जाळायचंच तर माझ्या परसातला ढीग जाळा. हिला नको."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मला वाटले, आता लोक त्यांना बोलणार. पण मावशी पुढे आल्या.

"काका, माझ्या माळ्यावर बल्ब नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे वायरच नाही तिथं. कधीच नव्हती. बल्ब बदलायचा म्हणून शिडी नेते ना, ती वाळवी बघायला नेते."

हेडसरांनी घसा खाकरला. त्यांचे कान लालभडक झाले होते. "माझंही घड्याळ तसं व्यवस्थित चालतं," ते म्हणाले.

सगळ्यांच्या माना बेकरीवाल्यांकडे वळल्या. त्यांनी भट्टीतले लाकूड उगाच सारखे केले. मग म्हणाले, "असं का बघताय? नाही माझ्याकडे कबुतर."

पहिल्यांदा नात हसली. मग मावशी हसल्या आणि हळूहळू सगळी गल्ली हसू लागली. इतके दिवस जो तो एकट्याने ओझे वाहत होता, ते एकदम खाली ठेवल्यासारखे सगळ्यांना झाले.

बाई सुतारकाकांजवळ आल्या. "काका, ती खोकी मी तपासली असती तरी मलाही आतली वाळवी दिसली नसती. झालं ते झालं. कुठल्या घरात कुठली फळी दिलीत, आठवतं?"

"एकूण एक," काका म्हणाले.

"मग उद्यापासून माझ्याबरोबर चला."

मग काय विचारता! त्यांनी आधी मला चौथी पायरी नसतानाच कामाला जुंपले. काका प्रत्येक घरात बोट दाखवायचे, ही फळी, तो कप्पा. खोक्यांचे लाकूड निघायचे आणि बेकरीच्या भट्टीत जायचे. बाईंच्या माणसांनी घरांच्या कडेने जमिनीत छोटे डबे पुरले. डब्यांत लाकडाचे तुकडे होते. वाळवी ते खायला आली, की त्या जागी औषध घातलेले आमिष ठेवायचे. ते खाऊन ती तिथल्या तिथे मरत नाही. घरी नेते, सगळ्यांना भरवते आणि जमिनीखालचे घरच हळूहळू रिकामे होते. खरे सांगू? मला तिचीही थोडी दया आली. तीही बिचारी कुठल्या तरी लांबच्या देशातून खोक्यात बसून आली होती, तिला कुणी विचारले नव्हते. पण ती राहिली असती तर आमची गल्ली उभी राहिली नसती.

बाईंनी एकच गोष्ट बजावली होती, की डब्यांना कुणी हात लावायचा नाही. पण बेकरीवाल्यांना धीर म्हणून कसा तो नाही. आपल्या दारच्या डब्यात वाळवी भरलेली पाहून त्यांच्याने राहवेना. त्यांनी त्यात बाटलीभर रॉकेल ओतले आणि मोठ्या अभिमानाने बाईंना दाखवायला नेले.

"मला वाटलं, जरा मदत करावी," ते म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, पाहुणे जेवायला बोलावले आणि तुम्ही त्यांच्या ताटात रॉकेल वाढलंत. आता ते परत येतील का?"

तो डबा दुसरीकडे पुरावा लागला आणि सगळ्यांना आणखी थांबावे लागले. त्या दिवसापासून बेकरीवाल्यांनी कानाला खडा लावला. पुढे कुणी डब्याजवळून जरी गेले तरी तेच सगळ्यांत आधी ओरडायचे.

काकांच्या माळ्याची तुळई बदलायला गल्लीतले सगळे हातभार लावायला आले. काका खाली खुर्चीवर बसून सूचना देत होते. हेडसरांनी तुळईचे एक टोक धरले होते आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मुकाट्याने काम करायला लावले होते. नवी तुळई बसल्यावर नातीने आपले अंथरूण वर नेले. काका म्हणाले, "वर वारा चांगला येतो ना?" ती म्हणाली, "आजोबा, मला तेव्हाच कळलं होतं." काकांनी तिला जवळ घेतले.

बऱ्याच दिवसांनी बाईंनी एकेक डबा उघडून पाहिला. सगळे शांत होते. भिंतींवरच्या मातीच्या रेघा कोरड्या पडल्या होत्या आणि नख लावले की गळून पडत होत्या. तरी बाई म्हणाल्या, की ती पुन्हा येऊ शकते, म्हणून दर सहा महिन्यांनी सगळी घरे बघायची, एकही वगळायचे नाही. तेव्हापासून तपासणीच्या दिवशी मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत.

माझी चौथी पायरी काकांनी स्वतः बसवली. या वेळी सागवानाची. हात थरथरत होते म्हणून खिळे नातीने ठोकले. ते काकांचे शेवटचे काम. आता काका नाहीत. गल्लीत एक ॲल्युमिनियमची हलकी शिडी आली आहे आणि लोक बहुतेक तिलाच नेतात. वाईट वाटते, खोटे कशाला सांगू? पण चौथ्या पायरीवर कुणाचा पाय पडला की मला काकांची शीळ ऐकू येते.

गेल्याच आठवड्यातली गोष्ट. टोकाच्या एका घरात नवे बिऱ्हाड आले आहे. त्या घरातली तरुण सून दिवेलागणीला मावशींच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. तिने आधी मागे वळून पाहिले, मग हळूच म्हणाली, "मावशी, शिडी मिळेल का? माळ्यावरचा बल्ब बदलायचाय."

मावशींनी मशीन थांबवले. चष्म्यावरून तिच्याकडे क्षणभर पाहिले. मग त्या उठल्या, नव्या शिडीला हात न लावता त्यांनी मला आकड्यांवरून उतरवले आणि माझे एक टोक आपल्या खांद्यावर घेतले.

"धर तिकडून," त्या म्हणाल्या. "मीही येते. आमचा सगळ्यांचाच बल्ब गेला होता एकदा."

सुनेने मावशींकडे पाहिले. तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि तिने माझे दुसरे टोक उचलले.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या भिंतीवर कधी मातीची बारीक रेघ दिसली तर ती पुसून टाकू नका आणि लपवूही नका. आधी शेजारच्या दारावर थाप मारा आणि खरे कारण सांगा.